दागिन्यांची राखण

पुण्यातील लक्ष्मी रस्ता, सोन्या मारुती चौक आणि रविवार पेठ या भागांत सराफांची अनेक दुकाने आहेत. ईद, दसरा, अक्षय तृतीया किंवा लग्नसराई जवळ आली, की या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. कोणी बांगड्या पाहते, कोणी कर्णफुले घेते, तर कोणी जुनी साखळी मोडून नवी करते.

सोने केवळ शोभेसाठी नसते. कोणी मुलीच्या लग्नासाठी ते थोडे थोडे करून जमवते. कोणाला निकाहाच्या वेळी मेहर म्हणून ते मिळालेले असते. घरात आजारपण आले किंवा मुलांची फी भरायची झाली, तर तेच सोने गहाण ठेवून पैसे उभे करता येतात. म्हणून दागिना चोरीला गेला, की त्याबरोबर घराचा आधारही जातो.

चोरांचा डोळा सोन्यावरच का असतो? सोने आकाराने लहान, पण किमतीने मोठे असते. ते खिशात लपते. ते गंजत नाही. शिवाय सुमारे १०६४ अंश सेल्सिअस तापमानाला ते वितळते. दागिना एकदा वितळला, की त्याची घडण, नक्षी आणि खुणा नाहीशा होतात. उरतो तो फक्त पिवळा गोळा. तो कोणाचा, हे कसे सांगणार?

रायगड जिल्ह्यातील दिवेआगर गावी असेच घडले. तेथे १९९७ साली एका वाडीत खोदकाम करताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. तो पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. २४ मार्च २०१२ रोजी पहाटे मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा चोरीला गेला. पोलिसांनी दरोडेखोरांना पकडले व सोनेही मिळवले, पण तोपर्यंत ते वितळवलेले होते. २०१७ साली न्यायालयाने गुन्हेगारांना शिक्षा सुनावली. पुढे नवा मुखवटा घडवण्यात आला आणि २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात तो मंदिरात बसवण्यात आला. सोने परत आले, पण जुना मुखवटा मात्र कायमचा गेला.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. चोरीनंतर वेळ फार मोलाचा असतो आणि दागिन्याची ओळख आधीच लिहून ठेवलेली असावी लागते.

ही ओळख कशी ठेवावी? दागिना घेताना पक्की पावती घ्यावी. पावतीवर वजन, शुद्धता आणि दुकानाचे नाव असते. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र काढून ठेवावे. तुटलेली कडी, झाळलेला सांधा, कोरलेले अक्षर अशा खुणा वहीत लिहाव्यात. अनेक घरांत जकातीचा हिशेब करताना दरवर्षी सोन्याचे वजन लिहितात. तो कागद फेकून देऊ नये. अडचणीच्या वेळी तोही उपयोगी पडतो. मात्र हे कागद दागिन्यांच्या डब्यातच ठेवू नयेत. डबा गेला, तर तेही जातील.

आता दागिन्यावर हॉलमार्कही असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या नियमांप्रमाणे उमटवला जातो. २२ कॅरेट सोन्यावर ९१६ हा आकडा असतो. म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने असते. त्याशेजारी अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा एक क्रमांक असतो. प्रत्येक दागिन्याचा हा क्रमांक वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून पुण्यासारख्या शहरांत दुकानदाराला अशा क्रमांकाशिवाय सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. अगदी हलक्या वस्तूंसारख्या काही बाबतींत सूट आहे. हा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे चांगले. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेकडे असते व दुसरी आपल्याकडे. लॉकरमध्ये काय आहे, हे बँकेला ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेत चोरी झाली किंवा आग लागली आणि बँकेची जबाबदारी ठरली, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत भरपाई मिळते. हे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. दागिन्यांची किंमत याहून जास्त असेल, तर त्यांचा वेगळा विमा उतरवता येतो.

घराबाहेरही सावध राहावे. गर्दीच्या बसमध्ये चढताना धक्काबुक्की होते. तेवढ्यात चोर छोट्या कटरने हातातील बांगडी कापतात. पहाटे फिरायला जाणाऱ्या स्त्रियांच्या गळ्यातील साखळी मोटारसायकलवरून येऊन हिसकावतात. काही चोर जोर करत नाहीत, गोड बोलतात. "आजी, पुढे शेठजी गरिबांना साड्या वाटत आहेत. अंगावर सोने दिसले, तर तुम्हांला साडी मिळणार नाही. दागिने या रुमालात बांधून ठेवा," असे ते म्हणतात. आजी घरी येऊन रुमाल सोडतात, तर आत खडे निघतात. कोणी साध्या कपड्यांत येऊन "आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून ठेवा," असे सांगतात. खरे पोलीस रस्त्यात कोणालाही दागिने काढून द्यायला सांगत नाहीत.

दारावर "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही जपावे. नायट्रिक आम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. त्यात सोने विरघळते. दागिना चमकतो, पण त्याचे वजन घटते. विरघळलेले सोने त्या भामट्याच्या भांड्यातच राहते.

एवढे करूनही चोरी झाली तर? घाबरू नये. प्रथम ११२ या क्रमांकावर फोन करावा. कपाटाला, कुलपाला किंवा डब्याला हात लावू नये, कारण तेथे चोराच्या बोटांचे ठसे असू शकतात. मग पोलीस ठाण्यात जाऊन गुन्ह्याची खबर नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कोणत्याही हद्दीतील गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. तिची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. खबर देताना पावत्या, छायाचित्रे आणि क्रमांक सोबत न्यावेत. "सोन्याची साखळी गेली" एवढेच सांगून भागत नाही. वजन, घडण आणि खुणा सांगाव्यात.

चोर सापडला, तरी दागिना लगेच हातात पडत नाही. पोलीस पंचनामा करून तो जप्त करतात. जप्त केलेल्या मालाला मुद्देमाल म्हणतात. मालकाने तो ओळखावा लागतो आणि न्यायालयात अर्ज करावा लागतो. पूर्वी मुद्देमाल वर्षानुवर्षे पडून राही. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पंचनामा व छायाचित्रे करून आणि मालकाकडून हमी घेऊन मौल्यवान वस्तू लवकर परत कराव्यात. छायाचित्रे करण्याची ही पद्धत आता कायद्यातही आली आहे.

आणखी एक गोष्ट. चोरीचा माल विकत घेणारा नसता, तर चोरी करून काय मिळाले असते? म्हणून चोरीचे आहे हे ठाऊक असताना सोने घेणारासुद्धा कायद्याने गुन्हेगार ठरतो. स्वस्त मिळते म्हणून विनापावतीचे सोने घेणे म्हणजे चोराचे हात बळकट करणेच होय.

शेवटी एक लक्षात ठेवा. कोणी शस्त्र दाखवून दागिना मागितला, तर झटापट करू नये. दागिना पुन्हा घडवता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.

स्वाध्याय

१. चोरीनंतर वेळ मोलाचा का असतो?
२. दागिन्याची ओळख ठेवण्याचे तीन उपाय लिहा.
३. "विनापावतीचे सोने घेणे म्हणजे चोराचे हात बळकट करणे." या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. घरातील मोठ्यांना विचारून एखाद्या दागिन्याचे वजन, घडण व खुणा पाच वाक्यांत लिहा.