धुक्यातील जलाशयाचे छायाचित्रण व प्रतिमा-संस्करण : इटियाडोहच्या संदर्भात

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील इटियाडोह हा गाढवी नदीवरील मातीच्या धरणामुळे निर्माण झालेला विस्तीर्ण जलाशय होय. हिवाळ्यातील पहाटे या जलाशयावर धुके उतरते व भोवतालच्या वनाच्छादित टेकड्या एकामागे एक फिकट होत जातात. भूगोल, प्राणिशास्त्र वा पर्यावरणशास्त्राच्या क्षेत्रभेटीत अशा दृश्यांची छायाचित्रे घेतली जातात आणि अहवालात समाविष्ट करण्यापूर्वी संगणकावर ‘स्वच्छ’ केली जातात. धुके हा छायाचित्रातील दोष नसून त्यातील माहिती आहे, हे स्पष्ट करणे व त्या अनुषंगाने संस्करणाची मर्यादा ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

धुक्याचे स्वरूप

निरभ्र व निवांत रात्री जमीन झपाट्याने उष्णता गमावते आणि तिच्या लगतची हवा थंड होते. पाणी मात्र तुलनेने उबदार राहते. त्यावरून उठणारी वाफ थंड हवेत मिसळताच सूक्ष्म थेंब तयार होतात. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरपेक्षा कमी असल्यास त्यास धुके, तर त्याहून अधिक असल्यास विरळ धुके म्हटले जाते.

हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सर्व रंगांचे विकिरण जवळपास सारखेच करतात. म्हणून धुके पांढरे दिसते. याउलट चुलीचा किंवा जळत्या तणसाचा ताजा धूर अतिसूक्ष्म कणांचा असल्याने निळा प्रकाश अधिक विखुरतो व गडद पार्श्वभूमीवर निळसर भासतो. धान उत्पादक प्रदेशात हिवाळ्यात हे दोन्ही थर एकाच वेळी दिसू शकतात.

अंतर वाढते तसा पदार्थाचा उठाव घातांकीय प्रमाणात घटतो. समान दाटीच्या धुक्यात १ किलोमीटरवरील टेकडीचा उठाव एक चतुर्थांश उरत असेल, तर तशाच टेकडीचा २ किलोमीटरवर तो एक षोडशांश व ३ किलोमीटरवर एक चौसष्टांश उरेल. टेकड्यांचे हे क्रमिक फिकटपण म्हणजेच चित्रातील खोलीची जाणीव होय.

चित्रणाची पद्धती

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. धुके त्याहून उजळ असल्याने स्वयंचलित मापनात ते मळकट करडे येते. यास्तव मापकाने सुचविलेल्या प्रकाशापेक्षा साधारणतः दोन तृतीयांश ते एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. हिस्टोग्रामचा उंचवटा मध्याच्या उजवीकडे असावा, परंतु उजव्या कडेस चिकटू नये.

कमी उठावामुळे स्वयंचलित फोकस चाचपडतो. अशा वेळी काठावरील झाड किंवा जवळच्या डोंग्याची कड यावर फोकस साधावा. तिपाई वापरून संवेदनशीलता १०० ते २०० ठेवावी व भिंगावर साचणारे दव वारंवार पुसावे. धुके सरकते असल्याने दीर्घ काळ प्रकाश दिल्यास त्याचे थर एकमेकांत मिसळून सपाट होतात.

छायाचित्र रॉ स्वरूपात घेणे इष्ट. ८ बिटांच्या जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. धुक्याचे दृश्य यातील अल्प भागच व्यापत असल्याने जेपीईजीमधील छटा ताणल्यास आकाशात पट्टे उमटतात.

संस्करण व त्याची मर्यादा

प्रथम भिंगावरील वा संवेदकावरील धुळीचे डाग काढावेत. त्यानंतर व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाच्या, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनच्या मूल्यावर स्थिर ठेवावा. धुक्यावर ‘करडा बिंदू’ टिपून रंग सुधारल्यास धुराची निळसर झाक नाहीशी होते आणि धूर धुक्यासारखा दिसू लागतो. सूर्योदयापूर्वी आकाशाच्या निळ्या प्रकाशात धुकेही निळसर दिसते. म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष न काढता चित्रणाची वेळ नोंदवावी.

दूरच्या टेकड्यांत काळा बिंदू शून्यावर खेचू नये, कारण त्या मुळातच काळ्या नसतात. उठाव व तीक्ष्णता वाढवायची असल्यास ती अग्रभूमीपुरती, क्रमशः विरत जाणाऱ्या मुखवट्याद्वारे वाढवावी.

धुके ‘पुसणाऱ्या’ साधनांचा येथे स्वतंत्र विचार आवश्यक आहे. कायमिंग हे, जियान सुन व शियाओउ तांग यांनी २००९ मध्ये एकाच छायाचित्रावरून धुके वजा करण्याची प्रसिद्ध पद्धती मांडली. कॅमेऱ्यापर्यंत येणारा प्रकाश म्हणजे पदार्थाचा क्षीण झालेला प्रकाश अधिक धुक्याने मिसळलेला प्रकाश, हे तिचे गृहीतक. त्यांपैकी दुसरा भाग अंदाजाने वजा करून पहिला वाढविला जातो. परंतु जेथे पदार्थाचा प्रकाश संवेदकाच्या गोंगाटाखाली गेला आहे, तेथे वाढतो तो गोंगाटच. दाट धुक्याआडच्या टेकडीवर असा जो पोत ‘प्रकटतो’, तो त्या टेकडीचा नसतो.

अशा बदलाची बाधा कलाकृतीला होत नाही. पुराव्याला मात्र होते. १९८२ च्या फेब्रुवारी अंकाच्या मुखपृष्ठासाठी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने गिझाचे पिरॅमिड संगणकाद्वारे परस्परांच्या जवळ आणले. उभ्या चौकटीत चित्र बसविणे एवढाच हेतू होता, तरीही छायाचित्राच्या विश्वसनीयतेवर दीर्घ वाद उद्भवला. प्रकल्प अहवालातील जलाशयाच्या छायाचित्रावरून दृश्यमानता, प्रदूषण किंवा पक्ष्यांचा अधिवास यांविषयी विधान केले जात असेल, तर धुके पुसणे म्हणजे निरीक्षणाची आकडेवारी बदलण्यासारखेच होय.

समारोप

सारांश, संपूर्ण प्रतिमेची उजळता, डागांची सफाई व मर्यादित उठाव हे संस्करण ग्राह्य मानता येईल. धुके काढणे, वाढविणे अथवा आकाश बदलणे हे पुरावा म्हणून दिलेल्या छायाचित्रात अग्राह्य ठरावे. विद्यार्थ्यांकडून प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ, दिनांक, वेळ, व्हाइट बॅलन्स व केलेले बदल यांची एका ओळीची नोंद आणि मूळ रॉ फाइल मागविण्याचा प्रघात विभागांनी पाडल्यास, दहा वर्षांनंतर तेच छायाचित्र पुन्हा अभ्यासणाऱ्यास त्यातील धुके खरे होते की नाही, हे तपासता येईल.