पेग आणि रात्रीचा उत्तरार्ध

“मामा, दोन पेग घेतले की पहिली झोप तरी लागते,” माझा २६ वर्षांचा भाचा म्हणाला, तेव्हा व्यसनावर व्याख्यान देण्याची ऊर्मी मी कशीबशी आवरली. त्याला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. मी डॉक्टर नाही. पण त्याच्या त्या वाक्याचा पिच्छा पुरवत बरंच वाचलं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधी कबूल केलं पाहिजे. दारूने वेदना बोथट होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावं आणि वेदना न सोसणाऱ्या मद्यपीला तीक्ष्ण मद्य पाजावं, असं सांगितलं आहे. ज्याला सवय आहे त्यालाच, आणि तेही शस्त्र चालेल तेवढ्यापुरतं. २०१७ मध्ये अठरा प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रक्तात अल्कोहोल सुमारे ०.०८ टक्के असताना वेदनेची तीव्रता चांगलीच कमी होते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे कंबर गप्प बसवायची तर अडीचपट हवी! शिवाय ते प्रयोग निरोगी माणसांवर, क्षणभराच्या वेदनेवर झालेले. रोज रात्री येणाऱ्या दुखण्याला ते कसे लागू पडणार?

या आजाराची रात्र वेगळीच असते. कण्याचं खालचं टोक कमरेच्या हाडांना जिथे जुळतं तिथल्या सांध्यांना सूज येते. सुरुवात बहुधा विशी-तिशीत होते. एरवी कंबर दुखली की माणूस पडून राहतो. इथे पडून राहिल्याने दुखणं वाढतं आणि हालचालीने कमी होतं. मध्यरात्र उलटली की कंबर आखडते, जाग येते, सकाळी बराच वेळ पाठ लाकडासारखी असते. तरुण पोराची कंबर दुखते म्हणजे बाइक किंवा गादी वाईट, अशी समजूत असल्याने निदानालाच अनेकदा वर्षं लागतात. भाच्याची चार गेली. पेग त्या चार वर्षांतला.

आता दारूची रात्र पाहा. ती झोप लवकर आणते, पण रक्तातून उतरू लागली की तीच झोप मोडते, आणि हे घडतं रात्रीच्या उत्तरार्धात. म्हणजे दुखणं जागं होण्याच्या वेळीच औषध म्हणून घेतलेली वस्तू अंग काढून घेते. मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना अधिक जाणवते. शरीर सरावलं की तेवढ्याच आरामासाठी जास्त लागते, आणि रोज पिणाऱ्याची दारू उतरताना वेदनेची संवेदना उलट तीव्र होते. मग संध्याकाळी जे दुखतं त्यात आजार किती आणि कालची दारू किती, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही.

दुसरा धोका गोळ्यांचा. या आजारात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या कधी कधी महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. त्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात, दारूही देते. दोन्ही मिळून रक्तस्रावाची शक्यता वाढते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, “दारू घेता का?” शेजारी आई बसली होती. तो “नाही” म्हणाला आणि त्या “नाही”वर चिठ्ठी लिहिली गेली. माझ्या मते प्रश्नच अपुरा होता. “रात्री झोप लागावी म्हणून काय करता?” असं विचारलं असतं, आणि आईला दोन मिनिटं बाहेर बसवलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं.

पुढच्या वेळी तो एकटा गेला आणि खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. गोळीची वेळ झोपण्याआधीची केली, पोटासाठी वेगळी गोळी दिली, व्यायाम लिहून दिले आणि दारूबद्दल स्पष्ट बोलले. तो अजून एखाद्या शनिवारी घेतो. पण त्या दिवशी मला सांगतो. पहाटे कंबर आखडली की उठून गॅलरीत फेऱ्या मारतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं, कुठली परीक्षा देतोय का म्हणून.