आधी आवतण, मग मारबत

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातल्या उमरेड, भिवापूर, कुही या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरी बैलाला जेवणाचं रीतसर आमंत्रण जातं. वर्षभर जू घासून घासून खांद्यावर जिथे घट्टा पडलेला असतो, नेमक्या त्याच जागी हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला 'घ्या' आणि 'या'! एरवी वखर चालवताना त्याच बैलाला जी भाषा ऐकावी लागते, ती रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगी नसते.

यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे उपकाराची ही आठवण मोघम नाही. बैल थोर, बैल शेतकऱ्याचा सखा, असलं काही कुणी बोलत नाही. आपल्यामुळे जिथे दुखलं, तिथे हात जातो. दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, झूल, बेगड, घुंगरमाळा घालून जोड्या आंब्याच्या तोरणाखाली उभ्या राहतात. आणि तिसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, सगळं गाव ओरडत सुटतं. दारापाशी उभ्या केलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, उचलायचे, गावाबाहेर नेऊन टाकायचे आणि वाटेत घसा फोडून यादी वाचायची: खासी, खोकला, डास, ढेकूण, रोगराई घेऊन जा गे मारबत! मारबत म्हणजे गावाची पीडा आपल्याबरोबर घेऊन जाणारी.

आभार आणि कटकटीची हकालपट्टी, दोन्ही एका रात्रीच्या अंतरावर. मधला दुवा म्हणजे झडती.

पोळ्यात तोरण तुटण्याआधी वाजंत्री थांबते. कुणीतरी हात वर करून पुढे येतो आणि यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी खणखणीत आवाजात टाकतो. सुरुवात किंवा शेवट महादेव-पार्वतीच्या नावाने, मधे मात्र काहीही. पावसाने दिलेला दगा, सोयाबीन पिवळं पडलं ते, कापसाचा भाव, बँकेची नोटीस, सावकार, पुढारी, कधी स्वतःची बायको आणि बहुतेकदा स्वतःच. मग सगळ्यांचा एकच गजर: हर बोला हर हर महादेव! तो विरतो न विरतो तोच समोरच्या बाजूने उत्तराची झडती येते. ज्याच्यावर टोला बसला तो पाटील किंवा सरपंच तिथेच, मानाच्या जोडीजवळ उभा असतो. हसला नाही, तर न हसलेला दिसतो. म्हणून हसतो.

झडतीला धार येते ती या उभं राहण्याच्या जागेमुळे. पाठीमागे केलेली तक्रार कुरकुर होते, तोंडावर केलेली भांडण होते. तीच तक्रार यमकात, देवाच्या नावाने आणि बैलाच्या साक्षीने आली की ना कुरकुर उरते ना भांडण. ऐकणाऱ्याला ती झटकता येत नाही आणि सांगणाऱ्यावर कुणाला चिडता येत नाही. शिवाय बोलणारा आधी स्वतःची फजिती सांगतो. आपल्या फाटक्या धोतरावर ज्याने आधीच सगळ्यांना हसवलंय, त्याला दुसऱ्याच्या कोटावर बोलायचा हक्क आपोआप मिळतो.

मारबतीच्या यादीकडेही जरा नीट पाहायला हवं. तिच्यात ढेकूण आहे! महामारीला जी मिरवणूक, तीच ढेकणाला. एखाद्या विद्वानाने ही यादी केली असती, तर आधी मोठी संकटं, मग मध्यम आणि शेवटी किरकोळ असा उतरता क्रम लावला असता. गावाने तसं केलं नाही, कारण रात्रभर चावणाऱ्या ढेकणाला किरकोळ म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या खाटेवर निजलेला असतो.

उमरेडहून सुमारे ४५ किलोमीटरवर, नागपुरात, याच पहाटेच्या ओरड्याचा भव्य सोहळा झाला आहे. तिथली काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची सांगतात. काळीचा संबंध भोसले घराण्यातल्या बाकाबाईंशी जोडला जातो. त्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, हा लोकांच्या मनातला राग. पूतना मावशीचीही कथा आहेच. या दोन्ही मारबतींबरोबर निघतात बडगे, म्हणजे चालू वर्षातल्या त्रासांच्या नावाने तयार केलेले पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यातल्या खड्ड्यांचा बडग्या. वर्षभर ज्याने छळलं त्याचं तोंड रंगवायचं, गळ्यात पाटी अडकवायची आणि इतवारीच्या गर्दीतून फिरवून शेवटी जाळायचं. खड्डा दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो, हे नाचणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक असतं.

आभार आणि कुरकुर यांचं मोजमापही झालं आहे. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे गट पाडून दहा आठवडे लिहायला सांगितलं: एका गटाने आठवड्यातल्या कृतज्ञ वाटाव्या अशा गोष्टी, दुसऱ्याने त्रास देणाऱ्या गोष्टी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्यांना बरे दिवस आले आहेत. प्रयोग चांगलाच, पण त्याची मांडणी बघा. आभार मानणारे एका गटात, कुरकुरणारे दुसऱ्या. शेतकऱ्याला असा गट निवडायची सोय नसते. ज्या बैलाने नांगर ओढला त्यानेच कुंपण मोडून शेजाऱ्याची तूर खाल्लेली असते. पोळा त्या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवतो, आणि दुसऱ्या गटाच्या वहीत जे नव्हतं ते त्यात घालतो: यमक, गर्दी आणि उत्तर द्यायला समोरची बाजू.

याच भागातल्या नॅरोगेज रेल्वेचा हिशेबही असाच, थट्टा आणि माया एकाच वहीत. १९०८ पासून नागपूर ते नागभीड उमरेडवरून जाणारी ती छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेजबदलासाठी बंद झाली. जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरची ती वाट, पण उतरून काम आटपून पुन्हा तीच गाडी धरता येते, ही थट्टा तिच्या वाट्याला यायचीच. आता उशिराच्या त्याच गोष्टी लोक मायेने सांगतात.

एक मात्र स्पष्ट म्हटलं पाहिजे. 'हसून घ्या, सगळं ठीक होईल' हे विदर्भाच्या शेतकऱ्याला बाहेरून सांगणं निव्वळ उद्धटपणा आहे. कर्जापायी जिथे माणसं जीव देतात, तिथे विनोद हे औषध म्हणून वाटत फिरता येत नाही. झडती चालते, कारण ती कर्ज असलेल्याच्याच तोंडून येते. तीच ओळ कर्ज देणाऱ्याने म्हटली तर तोरणाखाली कुणी हर हर महादेव म्हणणार नाही. आणि झडतीने हमीभाव मिळत नाही. तो मागायला रस्त्यावर यावं लागतं, पोळ्याच्या दिवशी नाही तर इतर दिवशी.

बैल कमी झाले, हेही खरं. कुठे कुठे ट्रॅक्टरलाच हार घालतात; त्याचा खांदा कसा शेकायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. झडतीला मात्र बैलांची टंचाई फारशी भोवलेली नाही, कारण पाडव्याच्या संध्याकाळी तान्हा पोळा असतो. सकाळी मारबतीच्या नावाने घसा बसवून आलेली पोरं चाकावरचे लाकडी नंदी ओढत दारोदार येतात. त्यांच्या झडतीत गुरुजी, गृहपाठ, मोबाइल काढून घेणारी आई असं सगळं येतं. आई दारातच उभी असते. मग तिला बोजारा द्यावा लागतो, म्हणजे खाऊ किंवा पैसे, आणि दहाची नोट पुढे केली तर पोरं दुसरी झडती सुरू करतात.