बाळंतपणानंतरची केसगळती : कामावर परतणाऱ्या आईने केसांची निगा कशी सुरू करावी?

लखनऊ : पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन लष्करात दाखल होणाऱ्या डॉक्टरांचे प्राथमिक लष्करी प्रशिक्षण लखनऊ छावणीतील आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात होते. मध्य कमांडचे मुख्यालयही येथेच आहे. त्यामुळे लष्करी सेवेतील मराठी कुटुंबांना ही छावणी अपरिचित नाही. ठरावीक काळाने होणारी बदली, नवे पाणी, पहाटेची धावपळ आणि पदरात तान्हे मूल अशा स्थितीत केसांकडे लक्ष देण्यास वेळ उरत नाही. नेमक्या याच काळात फणीत केसांचा पुंजका येऊ लागतो आणि महागड्या तेलांचा शोध सुरू होतो.

केस का गळतात?

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे अधिक केस वाढीच्या अवस्थेत टिकून राहतात. प्रसूतीनंतर हे प्रमाण घटते, अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण दोन ते चार महिन्यांनी गळतात. २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपत येते तेव्हा अनेकींची ही गळती सुरूच असते. बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. ही गळती कोणतेही तेल थांबवू शकत नाही. निगेचा उद्देश आहेत ते केस तुटण्यापासून वाचवणे एवढाच असतो.

सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून एकदा, न्हाण्याच्या अर्धा तास आधी थोडे खोबरेल तेल केसांना लावणे पुरेसे आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी केल्याचे आढळले. मात्र हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीशी संबंधित होते, हेही लक्षात ठेवावे.

शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिनमुळे फेस होतो. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन केसांवर चिकट थर बसतो; सॅपोनिनने तसा थर बसत नाही. उत्तरेत हिमालयाच्या पायथ्याशी मिळणारा रिठा आणि महाराष्ट्रातील रिठा या दोन भिन्न जाती असल्या तरी दोन्हींचा उपयोग सारखाच आहे. पूड रात्री भिजत घालून सकाळी पाणी गाळून घेतल्यास वेळ वाचतो. हे पाणी डोळ्यांत गेल्यास जळजळ होते. तेवढीही सवड नसेल, तर सौम्य शाम्पू वापरण्यात काही गैर नाही.

ओले केस सहज तुटतात. त्यामुळे मोठ्या दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवावा. गणवेशासाठी घट्ट अंबाडा बांधावा लागत असल्यास कामावरून परतताच तो सोडून सैल वेणी घालावी. सततच्या ताणामुळे कपाळाजवळचे केस विरळ होतात आणि ताण वर्षानुवर्षे राहिल्यास ते पुन्हा येत नाहीत.

बाळाची काळजी

तेलात कापूर घालण्याची पद्धत घरोघरी आढळते. कापूर बाळाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, म्हणून या काळात तो टाळावा. गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका असतो. बाळ विनाकारण रडत असल्यास बोटे तपासावीत. बोट सुजलेले दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत पीपीडी हे रसायन असते व त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वर्षानंतरही गळती न थांबल्यास, टाळूवर चट्टे पडल्यास किंवा थकवा, धाप, धडधड अशी लक्षणे असल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. प्रसूतीनंतर थायरॉइडचा विकारही उद्भवू शकतो. केसगळती ‘बाळंतपणाचीच’ समजून तेल बदलत राहिल्यास हे आजार नजरेआड होतात. साध्या रक्ततपासणीने ते वेळीच लक्षात येऊ शकतात.