ऑनलाइन दुकानातील संदेश : उत्तर कोणाला द्यावे, कोणाला नाही

गादीवर बसलेल्या कापड व्यापाऱ्याला गिऱ्हाईक कोण आणि नुसता वेळ घालवायला आलेला कोण, हे बहुधा दारातच कळते. खरेदीला आलेला माणूस कापडाला हात लावतो, पन्ना विचारतो, रंग पक्का आहे काय याची चौकशी करतो. दुसरा इकडच्या तिकडच्या गोष्टी करतो आणि चहा पिऊन जातो. त्याला कसे वाटेला लावावे हे कोणत्याही जुन्या गुमास्त्याला शिकवावे लागत नाही.

ऑनलाइन दुकानाला असे दार नाही. तेथे खरा गिऱ्हाईक, फुकट्या, जाहिरातवाला आणि ठग हे सगळे एकाच संदेशपेटीत, एकाच रांगेत येऊन बसतात. शिवाय बाजार चालवणारी कंपनी मागे उभी राहून आपण किती जणांना किती वेळात उत्तर दिले याचे टक्के काढत असते. आपले अनेक कारागीर व व्यापारी बंधू आता ॲमेझॉन, एट्सी, इंडियामार्ट अशा ठिकाणी माल विकतात. त्यांची एक तक्रार सारखी कानी येते : नको त्या संदेशाला उत्तर दिले नाही तर टक्केवारी घसरते, आणि दिले तर ठग गळ्यात पडतो. हा पेच नीट समजून घेतला तर तो सोडवणे अवघड नाही.

टक्केवारी आली कोठून?

बाजारपेठेत माणसाची साख त्याच्या आधी पोहोचते. अमुक पेढी वेळेवर पैसे देते, अमुक कारखानदार मालात कसर करतो, हे दलाल व आडत्यांच्या तोंडून सर्वांना ठाऊक असते. परंतु दोन अनोळखी माणसे हजारो मैलांवरून सौदा करतात तेव्हा इतबार कशावर ठेवावा? अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ईबे या संकेतस्थळाने यावर १९९६ साली एक उपाय काढला. सौदा झाल्यावर घेणाऱ्याने व विकणाऱ्याने एकमेकांविषयी बरेवाईट मत नोंदवावे आणि ते सर्वांना दिसावे, असा तो उपाय होता. पुढे २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा गिऱ्हाइकाविषयी वाईट मत नोंदवण्याचा अधिकार काढून घेतला. तेव्हापासून तेथे परीक्षा मुख्यत्वे विक्रेत्याचीच होते. इतर बाजारांतही आज साधारण हीच रीत आहे.

मालाच्या परीक्षेनंतर उत्तर देण्याच्या वेळेची परीक्षा आली. हाताने बनवलेल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेला एट्सी हा बाजार २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुरू झाला. ब्लॉक प्रिंटचे कापड, रजया, दागिने असा भारतीय कारागिरांचा मालही तेथे विकला जातो. या कंपनीने २०२१ साली ‘स्टार सेलर’ नावाचे मानचिन्ह आणले. माल वेळेवर पाठवणे आणि गिऱ्हाइकांची चांगली मते मिळवणे यांबरोबर त्याची एक अट अशी होती की, निदान ९५ टक्के नव्या संदेशांना २४ तासांच्या आत उत्तर गेले पाहिजे. ॲमेझॉनवरही विक्रेत्याने २४ तासांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते आणि तेथे रविवार किंवा सणाची सुटी वजा होत नाही. ईद असो की दिवाळी, घड्याळ चालूच राहते. इंडियामार्टवर विक्रेत्याच्या नावासोबत प्रतिसादाची टक्केवारी खरेदीदाराला दिसते.

हिशेब कसा होतो?

एट्सीचे उदाहरण घेऊ. तेथे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागील तीन महिन्यांचा हिशेब पाहिला जातो. समजा, या काळात एका दुकानाला २० संदेश आले व एकाचे उत्तर राहून गेले. टक्केवारी ९५ झाली, म्हणजे काठावर पास. पण दुसऱ्या लहान दुकानाला १० संदेश आले व त्यातील एकच राहिला तर टक्केवारी ९० वर येते, म्हणजे नापास. दोघांची चूक एकच, परंतु दंड लहान दुकानदाराला. शिवाय ती चूक तीन महिने हिशेबात राहते.

आता याच हिशेबात नको असलेले संदेश धरून पाहू. २० संदेशांपैकी ६ ठगांचे व जाहिरातवाल्यांचे होते. दुकानदाराने १४ खऱ्या गिऱ्हाइकांना वेळेवर उत्तरे दिली आणि ते ६ तसेच पडू दिले. त्याची टक्केवारी ७० झाली. तेच ६ संदेश त्याने ‘स्पॅम’ म्हणून नोंदवले असते तर ते हिशेबातून वजा झाले असते आणि १४ पैकी १४, म्हणजे पूर्ण १०० टक्के मिळाले असते. काम एका बटणाचे. फरक ३० टक्क्यांचा.

बरेच दुकानदार असा संदेश नुसता पुसून टाकतात. पुसणे आणि स्पॅम म्हणून नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुसल्याने संदेश आपल्या डोळ्यांआड होतो, परंतु तो ठगाचा होता हे कंपनीला कळत नाही. ॲमेझॉनवर आणखी एक सोय आहे. ज्या संदेशाला उत्तराची गरज नाही, उदाहरणार्थ नुसते आभार, त्यावर ‘उत्तराची गरज नाही’ अशी खूण करता येते. एट्सीवर संभाषणातील पहिल्याच संदेशाचा हिशेब होतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या ‘थँक यू’ला पुन्हा उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. हे नियम कंपन्या वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या खात्यातील नियमांचे पान दोन-तीन महिन्यांनी एकदा वाचून घ्यावे.

ठगाचा संदेश ओळखावा कसा?

एक साधी कसोटी आहे. आलेला संदेश जसाच्या तसा शेजारच्या लोणच्याच्या किंवा चपलांच्या दुकानाला पाठवला तर चालेल काय? चालत असेल तर तो बहुधा गिऱ्हाइकाचा नाही. खरा गिऱ्हाईक आपल्या मालाविषयी बोलतो : लांबी किती, सूत कोणते, धुतल्यावर आटेल काय, हाच नमुना निळ्यात मिळेल काय. ठगाला मालाशी देणेघेणे नसते. त्याचे सगळे बोलणे पैसे, पडताळणी आणि घाई यांभोवती फिरते.

त्याचे ठरावीक प्रकार असे :

पहिला, खोट्या पडताळणीचा. ‘मी माल घेतला, पण पैसे अडकले आहेत, तुमचा ई-मेल किंवा मोबाइल नंबर द्या’, किंवा कंपनीचे नाव लावून ‘तुमचे दुकान बंद होणार आहे, या लिंकवर जाऊन बँकेची माहिती भरा’. नवीन दुकान उघडले की असे संदेश विशेष येतात, कारण नव्या माणसाला कंपनीची रीत ठाऊक नसते. ऑर्डर खरी असेल तर ती आपल्या खात्यातील ऑर्डरच्या यादीत दिसते. तेथे नाही तर ऑर्डर नाही. ॲमेझॉन तर गिऱ्हाइकाचा खरा ई-मेलसुद्धा विक्रेत्याला दाखवत नाही, सांकेतिक पत्ता देते. मग गिऱ्हाइकाला आपला ई-मेल कशाला हवा?

दुसरा, क्यूआर कोडचा. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयमध्ये पिन पैसे देण्यासाठी टाकायचा असतो, घेण्यासाठी नव्हे. एवढी एक गोष्ट घरातील व दुकानातील प्रत्येकाला पाठ असावी.

तिसरा, जादा रकमेचा. परदेशातून कोणी मोठी ऑर्डर देतो, किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरची रक्कम ‘माझ्या वाहतूकदाराला द्या’ म्हणतो. चेक पुढे परत येतो. आपण दिलेली रक्कम मात्र गेलेली असते.

चौथा, फुकट सल्ल्याचा. ‘तुमचे दुकान फार सुंदर आहे, परंतु विक्री कमी दिसते, मी वाढवून देतो.’ यात प्रत्येक जण ठग असतोच असे नाही, पण तो गिऱ्हाईक नक्कीच नाही.

तीन ढीग करावेत

माल आला की आपण तागे तपासून वेगवेगळे लावतो. तसेच संदेशांचे तीन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात मालाविषयी विचारणारे संदेश. त्यांना लगेच व पूर्ण उत्तर द्यावे. पन्ना, किंमत, पाठवण्याची मुदत या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहवून खात्यात साठवून ठेवावीत. इंग्रजी लिहिण्याचा संकोच असणाऱ्या कारागिराने जाणकाराकडून आठ-दहा छोटी उत्तरे तयार करून घेतली तरी बरेच काम भागते.

दुसऱ्या ढिगात संशयाचे संदेश. तुटक भाषेत नुसते ‘भाव?’ किंवा ‘होलसेल?’ असे विचारणारा ठग असेल असे नाही. अनेक मोठे खरेदीदार कमी बोलतात, आणि परदेशी माणसाचे इंग्रजीही आपल्यासारखेच कच्चे असू शकते. अशाला स्पॅम ठरवले तर चांगला गिऱ्हाईक हातचा जातो. त्याला दोन ओळी पाठवाव्यात : ‘आपला संदेश मिळाला. माल तयार आहे. नमुना, रंग व नग कळवावेत. ऑर्डर व रकमेचा व्यवहार याच संकेतस्थळावर होईल.’ उत्तर वेळेत गेले, टक्केवारी राहिली, आणि शेवटच्या वाक्याने खऱ्याखोट्याची निवडही झाली. खरा गिऱ्हाईक मालाची माहिती देईल. ठग व्हॉट्सॲपचा नंबर मागेल, मग त्याला तिसऱ्या ढिगात टाकावे.

तिसरा ढीग उघड ठगांचा व जाहिरातींचा. यांना उत्तर देऊ नये, त्यांची लिंक उघडू नये, त्यांचा फोटो किंवा फाइल उतरवून घेऊ नये. पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे व संदेश त्याच दिवशी स्पॅम म्हणून नोंदवावा. मात्र एक सावधगिरी बाळगावी. तक्रार करणारा किंवा घासाघीस करणारा गिऱ्हाईक नकोसा वाटतो म्हणून त्याला स्पॅम ठरवू नये. हा खोटेपणा आहे, आणि तक्रार ऐकली गेली नाही की तो सर्वांना दिसेल असे वाईट मत लिहून जातो.

इंडियामार्टसारख्या घाऊक व्यापाराच्या ठिकाणी दोन पक्षांचा सौदा पुष्कळदा आपसात फोनवर ठरतो. तेथे ‘येथेच व्यवहार करू’ म्हणून भागत नाही. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मागावा व सरकारी पोर्टलवर तो तपासावा. त्याला पैसे पडत नाहीत. नाव-पत्ता जुळल्याशिवाय आणि रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय गाठ बांधू नये.

चोवीस तासांचे घड्याळ

पुष्कळांची टक्केवारी ठगांमुळे नव्हे तर अनियमितपणामुळे जाते. आज सकाळी ९ वाजता पेटी पाहिली, उद्या दुपारी १२ वाजता. मध्ये आज सव्वानऊला आलेला संदेश पावणेसत्तावीस तास पडून राहिला आणि दुकानदार म्हणतो, मी तर रोज पाहतो! सबब दिवसातून दोन वेळा ठरवाव्यात, सकाळी दुकान उघडताना व रात्री हिशेब मिटवताना. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तेथे रात्री ८ वाजता लिहिलेला संदेश आपल्याकडे पहाटे साडेपाच किंवा साडेसहाला येतो, म्हणून सकाळची फेरी चुकवू नये. प्रवासात व सणासुदीत हे काम घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडे सोपवावे. मात्र बँकेची माहिती व पासवर्ड कोणालाही सांगायचे नाहीत, हे त्यांना आधी बजावावे.

भीतीचा फायदा कोणाला?

टक्केवारीच्या या पद्धतीवर विक्रेते खूश आहेत असे नाही. एप्रिल २०२२ मध्ये एट्सीने आपले कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी ११ ते १८ एप्रिल असा आठवडाभर दुकाने बंद ठेवून संप केला. त्यांच्या मागण्यांत ‘स्टार सेलर’ योजना बंद करावी ही एक मागणी होती. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. एकट्याने शिवणारा, रंगवणारा, पार्सल बांधणारा कारागीर आणि दहा नोकर ठेवणारी कंपनी यांना एकच घड्याळ लावले जाते. शिवाय उत्तर लवकर गेले एवढेच टक्के सांगतात. ते खरे होते काय, माल चोख होता काय, हे सांगत नाहीत.

ही तक्रार रास्त असली तरी आज या बाजारात बसायचे तर घड्याळ सांभाळावे लागेल. मात्र त्याची भीती बाळगू नये. ठग नेमका या भीतीवर जगतो. चोवीस तासांत उत्तर गेले पाहिजे या घाईत दुकानदार लिंक दाबतो, नंबर देतो, पिन टाकतो. घसरलेली टक्केवारी तीन महिन्यांत पुन्हा वर येते. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा व बँकेला कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी कळवले तरच ती अडवण्याची आशा असते.

कोणताही संदेश उत्तर किंवा नोंद केल्याशिवाय रात्रभर पडू देऊ नये, आणि कोणत्याही संदेशासाठी आपल्या रीतीबाहेर जाऊ नये. एवढे पाळले तरी दुकानाची टक्केवारी आणि गल्ला, दोन्ही राखता येतील.