एकच मतदारसंघ, तीन विधानसभा : पुसदच्या आमदाराने झेडपी, कापूस आणि रोहयोत काय केले?

पुसद : 1 जुलै आला की जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत कृषी दिन साजरा होतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला जातो, दोन-चार कास्तकारांचा सत्कार होतो अन् चहा घेऊन मंडळी पांगतात. पण ज्या जिल्हा परिषदेत हा हार घातला जातो, तिचा आराखडाच या माणसाच्या समितीने तयार केला होता, हे नवीन पोरांना फारसं माहीत नाही.

नाईकांचा जन्म 1 जुलै 1913 चा, पुसद तालुक्यातील गहुलीचा. बंजारा समाजातील पोरगा नागपुरात वकिली शिकला, पुसदला वकिली केली, 1946 मध्ये पुसद नगर परिषदेचा अध्यक्ष झाला. 1952 ला पुसदमधून आमदार झाला, तो मध्य प्रदेश विधानसभेचा. तेव्हा आपला विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला. मतदारसंघ तोच, विधानसभा मात्र तीन! 1957, 1962, 1967, 1972 या निवडणुकाही त्यांनी पुसदमधूनच जिंकल्या.

महाराष्ट्र झाला तेव्हा नाईक महसूलमंत्री होते. गावाचा कारभार कोणी चालवायचा, हे ठरवायला 1960 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने 226 शिफारशी केल्या. त्यातून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यात दोन गोष्टी मोठ्या होत्या. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या कारभाराबाहेर ठेवलं आणि आमदार-खासदारांनाही तिथे सदस्य केलं नाही. गावातल्या माणसाने निवडून जावं, त्याच्या डोक्यावर आमदार बसू नये, असा तो हिशेब. स्वतः आमदार असलेल्या माणसाने ही शिफारस केली, हे आज थोडं नवलाचंच वाटते.

कन्नमवारांच्या निधनानंतर 5 डिसेंबर 1963 ला नाईक मुख्यमंत्री झाले आणि 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. सलग इतका काळ राज्यात दुसरा कोणी राहिला नाही. तेव्हा धान्याची टंचाई होती, मिलो खावा लागत होता. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फासावर द्या, असं ते 1965 ला पुण्यात शनिवारवाड्यावर बोलल्याचं सांगतात. हायब्रीड ज्वारी गावोगाव गेली ती याच काळात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच कारकिर्दीतली. अकोल्याचं 1969 चं.

मग 1972 चा दुष्काळ पडला आणि स्वयंपूर्णतेचं बोलणं बाजूला राहिलं. बांध, तलाव, रस्ते, खडी फोडणं अशी कामं काढावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं कामावर होती. सुकडी खाल्लेली म्हातारी माणसं अजून गावात सापडतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच वेळी राज्यभर गेली. तिचा कायदा 1977 ला मंजूर झाला, 1979 पासून लागू झाला. पुढे 2005 ला केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. जॉब कार्डाचं मूळ शोधत गेलं तर ते इथवर येते.

कापसाचं मात्र सरळ नाही. 1972 च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याला कापूस घेता येत नव्हता, फक्त सरकारी केंद्रावर द्यायचा. लुबाडणूक थांबली, भाव आधीच कळू लागला. पण केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडची भांडणं, अन् चुकारे हप्त्याहप्त्याने. पलीकडे आदिलाबादला भाव जास्त असला तरी कापूस सीमेपार नेता येत नव्हता. 2000 नंतर ही योजना मोडली. आज जुने कास्तकार तिला शिव्याही देतात आणि खेडा खरेदीत काटा मारला गेला की तिची आठवणही काढतात.

1972 ला काँग्रेसने 270 पैकी 222 जागा जिंकल्या होत्या. तरी तीनच वर्षांत दिल्लीने नाईकांना बदलून शंकरराव चव्हाणांना आणलं. 1977 ला ते वाशिममधून खासदार झाले आणि 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूर येथे त्यांचं निधन झालं. पुसदची आमदारकी त्यानंतरही बहुतेक त्याच घरात राहिली. पुतणे सुधाकरराव 1991 ला मुख्यमंत्री झाले, इंद्रनील नाईक 2024 ला राज्यमंत्री. दोन मुख्यमंत्री देऊनही पुसद जिल्हा काही झाला नाही, हा टोमणा इथे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो.

यवतमाळ जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडेच राहिला. त्या काळातही 1 जुलैचा हार चुकला नाही. घालायला निवडून आलेला अध्यक्ष तेवढा नव्हता.