दोरी ओढायची की नाही?

सोमवारी सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलात की एक विचार हमखास येतो : च्यायला, सोडून द्यावं सगळं! तुमचंही तसंच काही चाललं असेल, तर या वीकेण्डला ‘द जिप्सी मॉथ्स’ बघाच. जॉन फ्रँकनहायमरचा हा सिनेमा १९६९चा आहे, पण दुखणं अगदी आपलंच.

तीन स्कायडायव्हर्स गावोगाव फिरून विमानातून उड्या मारायचे खेळ करतात. चार जुलैच्या सुट्टीत ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एका छोट्या गावी येतात. मुरलेला, अबोल रेटिग (बर्ट लँकेस्टर), धंदा सांभाळणारा बोलघेवडा ब्राउडी (जीन हॅकमन) आणि आतून धास्तावलेला तरुण माल्कम (स्कॉट विल्सन). मुक्काम माल्कमच्या नातेवाइकांकडे. घरची मालकीण एलिझाबेथ (डेबरा कर). घर, नवरा, गावात मान, सगळं सेट! प्रेम तेवढं नाही. रेटिग तिला म्हणतो, माझ्याबरोबर चल. ती नाही म्हणते.

(आता गोष्ट फुटणार आहे. चालणार नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

रेटिगचा हुकमी आयटम म्हणजे कापडी पंख लावून मारलेली उडी. पॅराशूट उघडायचं अगदी शेवटच्या क्षणी. त्या दिवशी तो दोरी ओढतच नाही. का? सिनेमा सरळ उत्तर देत नाही. अंत्यविधीच्या खर्चासाठी पुन्हा खेळ लावला जातो. माल्कम तीच उडी मारतो, दोरी ओढतो आणि हा धंदा सोडून गावातून निघून जातो.

उडी मारणारा मोकळा आणि घरी बसणारा कैदी, असं सोपं गणित इथे नाही. रेटिगला उडीचं रुटीन झालंय, एलिझाबेथला घराचं. अडकलेत दोघंही. हिंमत उडी मारण्यात असतेच, पण वेळेवर थांबण्यातही असते, हे फक्त माल्कमला कळतं.

आकाशातली दृश्यं अजूनही पोटात गोळा आणतात, कारण ती खऱ्या उड्या मारून टिपली आहेत. कॅमेरा घेऊन उडी मारणाऱ्या कार्ल बेनिशने पुढे इंजिनिअरची नोकरी सोडून हेच वेड जोपासलं. १९८४ मध्ये नॉर्वेत कड्यावरून उडी मारताना तो गेला.

तेव्हा राजीनामा टाइप करण्याआधी दोन तास काढा. सिनेमा तुम्हाला ‘उडी मार’ही म्हणणार नाही आणि ‘गप बस’ही. फक्त विचारेल : दोरी कुठे आहे, माहितीये ना?